बाजूची एक रेघ जमेना (मातीची गाडी, आर्वी तालुका)

धुऱ्यावरचा वाढई
१४ एप्रिल, रात्री १०:५०

राम राम मंडळी. पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पिढीजात वाढई, म्हणजे सुतार. आजोबा बंड्या आणि रेंग्या (बैलगाड्या) करायचे, बाबा लाकूड सोडून लोखंडात आले, मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधतो आणि वखराच्या पाशी (पाती) ठोकून देतो. लाकडाशी संबंध उरला तो तान्ह्या पोळ्यापुरता, पोरं लाकडी बैल म्हणजे नंदी मिरवतात त्या सणापुरता. दरवर्षी तीस-चाळीस नंदी करून विकतो.

मागच्या दिवाळीनंतर डोक्यात किडा शिरला की एक गाडी घडवायची. चालणारी नाही, नुसता नमुना, चारास एक मापाचा. खरी गाडी तीन मीटर साठ, तर माझी नव्वद सेंटीमीटर. अट एवढीच की ती आमच्या पांदणीतून (वावराच्या वाटेतून) निघाली पाहिजे आणि तरी पाहणाऱ्याला भंगार वाटू नये.

आधी वावरातली काळी माती घेतली. तिसऱ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा, थेट मे महिन्यातल्या वावरासारख्या. मग कुंभाराकडून राख-लीद घातलेली माती आणली. भेगा कमी पडल्या, पण वाळताना गाडी आकसली आणि आधी करून ठेवलेली लाकडी चाकं तिला मोठी होऊ लागली. शेवटी नागपूरहून प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारी तेलकट माती, आणलं. आत थर्माकोल, वरून बोटभर थर, एकूण सव्वीस किलो. किंमत घरी सांगितलेली नाही.

आता मुद्दा. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत बाजूला एक रेघ जाते. पट्टी लावली तर तंतोतंत सरळ. पण दहा पावलं मागे जाऊन पाहिलं की मधोमध खचलेली, म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीसारखी. महिना झाला, खरवडतो आणि भरतो. कंपनीवाले एका गाडीवर तीन-चार वर्षं घालवतात म्हणे. ते एवढा वेळ नेमकं काय करतात?

गणित_मास्तर
१५ एप्रिल, सकाळी ७:१२

संगणकावर करा. फुकट सॉफ्टवेअर मिळतात, रेघ एका क्लिकला सरळ होते. माती वगैरे आजोबांच्या काळातलं झालं.

संत्राबाग (वरुड)
१५ एप्रिल, दुपारी १:३०

भाऊ, रेघ सोड. माह्या गाडीत संत्र्याचे क्रेट टाकाले गेलो का मागचा उंबरठा माह्या कमरेएवढा येते. क्रेट उचलू उचलू पाठ गेली माही. गाडी बनवनाऱ्यानं आयुष्यात एक क्रेट उचलला असता त असा उंबरठा केलाच नसता. तू त्याच्यावर पाह्य आधी.

मातीखालचा
१५ एप्रिल, रात्री ११:४०

वर्षभराने लॉगिन केलं, ते या धाग्यासाठी. मूळचा पुसदचा, पुण्यात गाड्यांचे मातीचे नमुने करणं हेच माझं पोट. कंपनीचं नाव विचारू नका.

वाढईदादा, तुमची रेघ सरळ आहे म्हणूनच खचलेली दिसते. लांबलचक रेघ वरच्या-खालच्या वळणांमध्ये अडकली की डोळा तिला मधोमध खचवतो. पत्र्याच्या सपाट भागाचंही तेच, तो आत गेल्यासारखा वाटतो. म्हणून गाडीवर जे सरळ दिसतं ते जवळजवळ सगळं किंचित फुगवलेलं असतं. स्टुडिओत याला क्राउन म्हणतात. तुमच्या नव्वद सेंटीमीटरला मध्यभागी दोन-तीन मिलिमीटर उचल द्या. मापाने नको. बांबूची पातळ कांब घ्या, दोन टोकं टेकवा, मध्ये बोटाने अगदी हलकं रेटा. कांब जी वाकते ती रेघ.

आता चार वर्षांचं. सुरुवात चित्राने होत नाही, माणसं बसवण्याने होते. ड्रायव्हरचं ढुंगण जमिनीपासून किती वर, गुडघा कुठे, डोळा कुठे, इंजिन कुठे, टाकी कुठे. हे बिंदू ठरले की ते हलत नाहीत. त्यांच्यावर कातडं चढवायचं असतं. मग शेकडो चित्रं, त्यातली बहुतेक कचऱ्यात. निवडलेल्या चित्राची रेघ भिंतीवर खऱ्या मापात काळ्या टेपने ओढतात, कारण टेप उचलून पुन्हा लावता येते. मग लहान मातीचा नमुना, मग खऱ्या मापाचा. आमची माती पाण्याची नसते, मेण आणि तेलाची असते, म्हणून ती वाळत नाही आणि तडकत नाही. साठेक अंशांवर भट्टीत गरम करून मऊ करायची, थापायची, थंड झाली की कडक होते आणि खरवडता येते. ढोबळ आकार हल्ली पाच अक्षांचं मिलिंग मशीन काढून देतं, शेवटचा हात माणसाचा.

त्यावर डायनॉक नावाची ताणता येणारी फिल्म चढवतात. रंगाची लकाकी आली की बाजूच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावरून कसं वाहतं ते पाहायचं. प्रतिबिंब कुठे अडखळलं की तिथे खोट. फिल्म काढा, खरवडा, पुन्हा चढवा. मग नमुना उघड्या अंगणात न्यायचा, कारण आतल्या दिव्यात सुंदर दिसणारी गाडी उन्हात वेगळीच दिसते. कामाचा निम्मा वेळ नुसतं पाहण्यात जातो. नवीन पोरांना तेच शिकवणं सगळ्यात कठीण. त्यांचे हात सारखे शिवशिवत असतात.

धुऱ्यावरचा वाढई
१९ एप्रिल, रात्री ९:१५

जमलं! बांबूऐवजी खराट्याची काडी वापरली. तीन मिलिमीटरला रेघ उभी राहिली. हाव सुटली म्हणून पाच करून पाहिली, तर गाडी गाभण दिसू लागली. परत तीनवर.

तुमचं "नुसतं पाहणं" वाचून आजोबा आठवले. नंदी झाला की ते तो ओट्यावर ठेवायचे आणि चहा प्यायला निघून जायचे. परत येताना मुद्दाम दुसऱ्या बाजूने यायचे, आणि लांबूनच मान हलवायचे. कधी नंदी उलटा टांगून पाहायचे. आम्हाला वाटायचं म्हातारा वेळ काढतो.

बंडीच्या चाकाचंही तसंच. तुंबा (मधला गड्डा), आरे, पुठ्ठे (घेराचे लाकडी तुकडे) बसले, की लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचा पट्टा, चढवायची. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की ती फुगते, तेव्हा चौघांनी सांडशीने उचलून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होता होता ती सगळे सांधे असे आवळते की चाक करकरतं. त्यानंतर काही बदलता येत नाही. म्हणून आजोबा आग पेटवायच्या आधी सुतळीने पाच-सहा वेळा घेर मोजायचे. शेजारचे हसायचे, "अरे आता त चढव."

मातीखालचा
२० एप्रिल, सकाळी ८:०५

आमच्याकडे त्या क्षणाला फ्रीझ म्हणतात. त्यानंतर पत्रा दाबायच्या पोलादी डाय (साचे) बनायला जातात, एकेक डाय कित्येक टनांची. मग कोणाला बॉनेट दोन मिलिमीटर खाली हवंसं वाटलं तर त्याने ते स्वतःशीच ठेवायचं. आज ऑफिसात सांगतो, फ्रीझ झालं नाही, धाव चढली.

आणि हे ऐका. गाडीच्या नमुन्यासाठी मातीचा वापर रुळवला तो हार्ले अर्ल या माणसाने. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याला बोलावून गाड्यांच्या रूपासाठी वेगळा विभागच काढला. त्याचा बाप लॉस एंजेलिसला घोडागाड्या बनवायचा.

धुऱ्यावरचा वाढई
२० एप्रिल, सकाळी ८:३०

म्हणजे बंडीवाल्याचं पोरगं. हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला पगार होता.

दर्यापूरकरीण
२२ एप्रिल, दुपारी ४:२०

मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून धागा आवडीने वाचतेय. एक शंका. गाडीच्या जाहिरातीतल्या चित्रांत चाकं ही मोठी, खिडक्या फटीएवढ्या, आत माणूस नाहीच. माझ्या सासूबाईंना नऊवारीत आमच्या गाडीत बसवायचं म्हणजे आधी पाठ आत घालायची, मग पाय एकेक करून उचलून द्यायचे. उतरताना दोघींनी हात धरायचा. त्या बिंदूंमध्ये सासूबाई कुठे बसतात?

मातीखालचा
२२ एप्रिल, रात्री १०:५५

ताई, त्या बिंदूला एच-पॉइंट म्हणतात, बसलेल्या माणसाचं कंबर आणि मांडी जिथे वळते तो. तो खाली ठेवला की गाडी देखणी होते, वर नेला की म्हाताऱ्या माणसाला सोपी होते. यावर दर वेळी भांडण होतं आणि दर वेळी छताची उंची बळी जाते किंवा सासूबाई. वाढईदादांनी ठरवावं.

धुऱ्यावरचा वाढई
२७ एप्रिल, रात्री ९:४०

ठरवलं. आईला बाजेवर, ओट्यावर, खुर्चीवर आणि सिमेंटच्या पोत्यावर पोतं ठेवून बसवून पाहिलं. जिथून ती हात न टेकता उठली ती उंची ५६ सेंटीमीटर. दहादा उठबस करून ती म्हणाली, "गाडी करून रायला का माही परीक्षा घेऊन रायला?"

५६ घेतलं तर छत वर गेलं. छत वर गेलं तर खिडकी वर, आणि जी रेघ महिनाभर घासली ती आता फार खाली वाटते. म्हणजे पहिल्यापासून. एवढं वाईट वाटलं नाही, हेच नवल.

संत्राबाग (वरुड)
२८ एप्रिल, रात्री ८:१०

सब ठीक हाय, पन मले एक सांगा. जगात कोनी कास्तकाराले समोर बसवून गाडी केली हाय का? का सब शहरातल्या साहेबाईसाठीच?

मातीखालचा
२९ एप्रिल, रात्री ११:२०

केली आहे, संत्राबाग भाऊ. फ्रान्सची सित्रोएन टू-सीव्ही. १९३०च्या दशकात कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांझे यांनी जी अट घातली ती आमच्या धंद्यात पाठ असते. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे, वेग ताशी साठ किलोमीटर, शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल. आणि नांगरलेल्या वावरातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. रूपाबद्दल अट जवळजवळ नाहीच.

१९३९ला गाडी दाखवायची वेळ आली आणि युद्ध पेटलं. जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून नमुने लपवून ठेवले, बरेच मोडून टाकले. शेवटी १९४८ला पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा पत्रकारांनी टिंगल केली. बॉनेट आपल्या गोठ्यावरच्या पन्हाळी पत्र्यासारखं वळीदार, कारण वळ्या पाडल्या की पातळ पत्राही ताठ राहतो. छत कापडाचं, गुंडाळून मागे टाकायचं. सीटा उचलून बाहेर काढता यायच्या. पुढचं आणि मागचं चाक एका बाजूने स्प्रिंगने जोडलेलं, म्हणून खड्ड्यात गाडी हेलकावे खायची पण आदळायची नाही. १९९०पर्यंत बनत राहिली, अडतीस लाखांहून जास्त.

तिचं रूप केलं फ्लामिनिओ बेर्तोनीने. तो मुळात शिल्पकार. त्यानेच पुढे सित्रोएनचीच १९५५ची डीएस ही गाडी घडवली, जिच्या पहिल्याच दिवशी बारा हजार ऑर्डरी आल्या. एकच हात, एकदा अंड्यांची टोपली आणि एकदा अप्सरा. मला दोघींत टोपली जास्त आवडते.

संत्राबाग (वरुड)
२९ एप्रिल, रात्री ११:४८

अंड्याच्या जागी संत्रा ठेवा, हेच त म्हनून रायलो मी.

गणित_मास्तर
३० एप्रिल, सकाळी ६:५०

आपल्याकडेही झालं होतं. टाटांची नॅनो, १० जानेवारी २००८ला दिल्लीत दाखवली. एकच वायपर, चाकाला तीनच बोल्ट, इंजिन मागे. पैसा वाचवायचा म्हणजे काय याचा उत्तम नमुना. तरी लोकांनी पाठ फिरवली, कारण स्वस्त म्हणून विकली. आपल्या लोकांना

व्यवस्थापक
३० एप्रिल, सकाळी ९:३०

वरच्या प्रतिसादाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे चार प्रतिसाद काढले आहेत. नॅनोसाठी वेगळा धागा काढा. इथे मातीचं बोला.

धुऱ्यावरचा वाढई
१७ मे, पहाटे ४:३५

परवा घात झाला. शेड टिनाचं, बाहेर ४६ अंश. दुपारी जेवायला गेलो, परत येतो तर गाडीचं नाक ओघळलेलं, पुढचा दिवा जमिनीकडे पाहतोय. मातीखालचा भाऊ साठ अंशांची भट्टी म्हणाले होते तेव्हाच कळायला हवं होतं की माझं अख्खं शेडच निम्मी भट्टी आहे. आता पहाटे चार ते सात काम, दिवसभर ओली पोती पांघरून झाकतो. लाईन रात्रीची असली की ट्यूबा पेटतात, नाहीतर हेडलाइटची बॅटरी.

फिल्मऐवजी डब्यात पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवून पाहिला. मागच्या चाकाच्या वर ट्यूबचं प्रतिबिंब असं वाकडं झालं की जणू पाण्यात काठी. हाताला तिथे काहीच लागत नव्हतं. हॅक्सॉच्या जुन्या पात्याने केसभर काढलं, मग सरळ वाहिलं. हे पाहिल्यापासून गावातल्या प्रत्येक गाडीच्या बाजूला उभा राहून वाकून पाहतो. लोक विचारतात, काय हरवलं.

मातीखालचा
१८ मे, रात्री १०:३०

एक युक्ती. दोन्ही बाजू करत बसू नका. मधोमध कापून अर्धीच गाडी करा आणि कापल्या जागी आरसा उभा करा. आम्हीही करतो. अर्धी मेहनत वाचते, आणि चुकलं तर अर्धीच खरवडायची.

धुऱ्यावरचा वाढई
२ जून, रात्री ९:०५

आलमारीचा आरसा काढला. घरात दोन आठवडे अबोला. तिसऱ्या आठवड्यात बायको शेडमध्ये केस विंचरायला आली, कारण आरसा तिथेच. विंचरता विंचरता म्हणाली, "ही काच खाली कुठं जाईल?"

मी म्हटलं दारात. ती म्हणाली, "दार तर असं आत वळलंय अन् काच तशी पिरगाळलेली. जाईल कशी?"

गप्प झालो. मी काच पुढून मागे पिळदार केली होती, छान दिसते म्हणून.

मातीखालचा
२ जून, रात्री ९:२२

वहिनींना माझा नमस्कार. हा प्रश्न आमच्याकडे इंजिनियर विचारतो आणि सगळ्यांना त्याचा राग येतो. खाली सरकणारी काच ही एखाद्या मोठ्या पिंपाच्या भिंतीतून कापलेला तुकडा असावी लागते, तरच ती आपल्याच वाटेने घसरत खाली जाते. त्या पिंपाचा घेर ठरला की दाराचं पोट ठरतं. पिळलेली काच बंदच राहणार. एक मोठा माठ घ्या आणि त्याच्या पोटावर पुठ्ठा सरकवून पाहा.

गणित_मास्तर
३ जून, सकाळी ६:४०

संगणकाने हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मातीखालचा
३ जून, रात्री ११:१५

मास्तर, अर्धं मान्य. काच सरकते का हे संगणक सांगतो, आणि आमचा प्रत्येक नमुना स्कॅन होऊन संगणकातच जातो. पण पडद्यावर चार मीटरची गाडी तळहाताएवढी असते. तिथे जे नाजूक वाटतं ते खऱ्या मापात बोजड निघतं. चष्मे लावून आभासी गाडीभोवती फिरतोही आम्ही. तरी मोठ्या कंपन्यांनी माती टाकलेली नाही. साहेब लोक शेवटी येतात, काही बोलत नाहीत, आणि दारावरून हात फिरवतात.

राहता राहिली वर्षं. माझ्या आयुष्यातली पावणेतीन वर्षं एका गाडीत गेली. फ्रीझच्या आधी दोन आठवडे वरून फोन आला, बंद. माती परत वितळवून दुसऱ्या नमुन्याला लावली. रस्त्यावर आहे ती आज, दुसऱ्या गाडीच्या रूपाने. माझ्या पोराला सांगतो, तिच्या आत माझी एक गाडी आहे. त्याला वाटतं बाप फेकतो.

संत्राबाग (वरुड)
११ जुलै, संध्याकाळी ७:५०

फोटो पाह्यला. मस्त दिसते, पन चाक अन् मडगार्डाच्या मंधात बोटभरही जागा नाई. आपल्या कायी मातीत पानी पडलं का चाकाले चिखलाचा लाडू बनते. दहा पावलात चाक जाम. बंडीचं चाक उघडं काऊन असते इचार आबाले.

धुऱ्यावरचा वाढई
१२ जुलै, पहाटे ५:१०

आबा नाहीत आता, पण बरोबर बोललात. चाक मोठं, कारण चाकोरीत बुडू नये. उघडं, कारण चिखल गळून पडावा. घरातली गोष्ट आणि मीच विसरलो.

जागा वाढवली. पण आता चाकं उसनी आणल्यासारखी दिसतात.

मातीखालचा
१२ जुलै, रात्री १०:४०

कमानीभोवती काळा पट्टा द्या, रंग न दिलेल्या प्लॅस्टिकसारखा. काळी पोकळी आणि काळा पट्टा डोळा एकत्र धरतो, फट जाणवत नाही आणि चाक मोठं वाटतं. उंच गाड्यांवर तो पट्टा असतो तो काही अंशी दगडांसाठी, बराचसा डोळ्यासाठी.

दर्यापूरकरीण
१३ जुलै, दुपारी ३:३०

हे म्हणजे काजळ झालं.

धुऱ्यावरचा वाढई
तान्ह्या पोळ्याचा दिवस, रात्री ११:००

काजळ घातलं. सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली. काच माठावरून घेतली. आईची उंची ५६च ठेवली. उंबरठा खाली आणला, त्यासाठी मागचा दिवा वर सरकवावा लागला आणि तो अजून बसत नाही, रडल्यासारखा दिसतो.

आज सकाळी नंदी विकायला ओट्यावर मांडले आणि शेजारी अर्धी गाडी आरशासकट ठेवली. सदतीस नंदी गेले. लोक गाडीपुढे उभे राहायचे, मग आरशात स्वतःला पाहून टोपी सारखी करायचे. शेजारचं पाच वर्षांचं पोरगं बराच वेळ वाकून पाहत होतं. मग त्यानं आपल्या नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून गाडीच्या नाकाला बांधली आणि विचारलं, जू कुठं अडकवायचं.

मागच्या दिव्याचं उद्या पहाटे पाहतो.

संत्राबाग (वरुड)
तान्ह्या पोळ्याचा दिवस, रात्री ११:२०

थे सब ठीक. क्रेट किती बसते?

धुऱ्यावरचा वाढई
तान्ह्या पोळ्याचा दिवस, रात्री ११:२४

पाच. मागची सीट काढली तर नऊ, दहावा आडवा.